बायोडाट्यात उंची नाही

आमच्या घरी मोबाइलला रेंज यायची ती फक्त स्लॅबवर, आणि तिथंही पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तरच. खाली स्वयंपाकघरात फोन म्हणजे नुसती चपटी डबी. मी ज्या उन्हाळ्याचं लिहायला बसले आहे, तो सगळा उन्हाळा माझी मुलगी दिपाली त्या टाकीला टेकून उभी होती. तिच्या पायाशी जुन्या साड्या अंथरलेल्या असायच्या. एका साडीवर कुरडया, दुसरीवर उडदाचे पापड, कोपऱ्यात काडीवर वळलेले सरगुंडे, आणि त्यांच्यामधून पाऊल वाचवत, फोन वर धरून ती फिरायची. कावळे हाकलायचं काम मी तिला दिलेलं होतं. पुण्या-मुंबईच्या वकिलांच्या मोठमोठ्या ऑफिसांना अर्ज पाठवायचं काम तिनं स्वतः घेतलेलं होतं. एक डोळा कावळ्यावर, एक फोनवर. मी खाली चुलीवर गव्हाचा चीक ढवळत असायचे आणि वरून मला दोन्ही ऐकू यायचं, "हुश्श, हुश्श" आणि लगेच "रिस्पेक्टेड सर".

दिपाली अकोल्याला वसतिगृहात राहून वकिलीचं शिकत होती. तिच्या शिक्षकांनी सांगितलं होतं की सुट्टीत घरी बसायचं नाही, कुठल्यातरी वकिलाच्या हाताखाली काम शिकायचं आणि तसं सर्टिफिकेट आणायचं, त्याशिवाय पुढचं वर्ष नीट धरलं जाणार नाही. त्याला ती इंटर्नशिप म्हणायची, मी ट्रेनिंग म्हणायचे. मला वाटलं होतं, शिकायला येते म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? शेतात निंदायला शिकायचं म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही. पण इथं रीत वेगळी होती. आधी एक पत्र लिहायचं, त्या ऑफिसचं कौतुक करायचं, मग आपलं कौतुक करायचं, त्याला बायोडाटा जोडायचा आणि वाट पाहायची. बहुतेक ठिकाणांहून काहीच यायचं नाही. कुठून आलंच तर त्याचा सूर असायचा की जागा नाही, तुमचं भलं होवो. एका ऑफिसनं विचारलं, कोणाच्या ओळखीनं अर्ज केला? दिपालीनं लिहिलं, कोणाच्याच नाही, तुमच्या वेबसाइटवर पत्ता पाहिला. त्यावर पुन्हा उत्तर आलं नाही.

एकदा मात्र पुण्याच्या एका ऑफिसनं फोनवर चेहरा दाखवून मुलाखत घ्यायचं ठरवलं. त्या दुपारी मी कुरडया उचलून स्लॅब मोकळा केला, टाकीवर धुतलेली चादर टाकली, म्हणजे मागचं शेवाळ दिसू नये. दिपालीनं वरून पांढरा शर्ट घातला, खाली घरातलाच गाऊन होता. मी जिन्यात बसले. समोरचे सर इंग्रजीत विचारत होते, ती इंग्रजीत सांगत होती, सगळं बरं चाललं होतं. मग त्यांनी मराठीत विचारलं, "पुण्यात राहण्याची सोय आहे का?" त्यांचं मराठी ऐकून दिपाली बिचारी सैलावली आणि म्हणाली, "हाव सर, मले होस्टेल भेटून जाईन." मग ते सर शेजारच्या कोणाला म्हणाले, "ऐकलंस? मले!" आणि दोघं हसले. वाईट नाही हसले, म्हणजे गंमत वाटून हसले. पण जिन्यात बसून मला ते हसू ज्या जागी लागलं, त्या जागी अजून हात लावला तर दुखतं. दिपाली खाली आली, शर्ट काढून खुंटीला टांगला आणि म्हणाली, "आई, कुरडया परत टाकू का?"

"काय म्हणले वं ते?"

"कळवतो म्हणले."

"मंग कळवतीन."

"नाई कळवत." ती परात घेऊन जिना चढायला लागली. अर्ध्यात थांबून म्हणाली, "मी मलेच म्हणणार हाये. त्यायले कितीही हासू दे."

इथं मला थोडं माझं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझं माहेर जानेफळच्या बाजूचं, चार घरांची वाडी. शाळा चौथीपर्यंतच होती, तेवढी मी शिकले. पुढची शाळा नाल्यापलीकडे आणि मी फार लाजरी. बाईंनी नाव विचारलं तरी मान खाली जायची. बाबा म्हणाले, "हे पोट्टी कोणाशी बोलतही नाई, शाळेत जाऊन काय करन?" आणि तो विषय मिटला. त्यानंतर कापूस वेचणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं, आईच्या हाताखाली भाकरी थापणं. आवाज असा मी कधी काढलाच नाही. सोळा-सतराची झाले असेन, तेव्हा एके दिवशी आई म्हणाली, चल, दुसरबीडला मावशीकडे जाऊ, तिनं नवं घर बांधलं. मला आनंद झाला. मावशीच्या हातची पातोडीची भाजी मला आवडायची. नवं परकर-पोलकं घालून मी गेले. मावशीच्या घरी अनोळखी माणसं बसली होती. मी मागच्या दारी हौदावर पाय धूत होते, एका बाईनं मला हाक मारली, पाटावर बसवलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ आणि साखरेची पुडी टाकली. मला वाटलं नव्या घराची पूजा आहे, सगळ्यांनाच लावतात. बाहेर कोणीतरी म्हणालं, "झालं, तोंड गोड करा." तेव्हा मला कळलं. पाय अजून ओले होते.

माझा नवरा चांगला निघाला, म्हणून त्याबद्दल मला कोणाला बोल लावायचा नाही. दिपालीचे बाबा मऊ माणूस. वांगी-मिरच्या लावायच्या, मोताळ्याच्या बाजारात नेऊन विकायच्या, घरी येऊन कळण्याची भाकर आणि ठेचा खायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. घर चालायचं ते त्यांच्या थोरल्या भावाच्या शब्दावर, ते गावचे पाटील. त्यांना आम्ही मुलांच्या तोंडून आलेलं मोठे बाबा हेच नाव घेतो. मोठ्या जाऊबाई लवकर वारल्या, त्यांना मूल नव्हतं, मीच मोठे बाबांच्या ताटात वाढत आले. पण वाढण्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे मोठ्या दिरासमोर, बाई डोक्यावरून पदर घेऊन उभी राहते, बोलत नाही. त्यांना मीठ हवं असलं तर ते भिंतीकडे पाहून म्हणायचे, "वरणात मीठ कमी हाये," आणि मी मीठ नेऊन ठेवायचे. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोलले नव्हते. आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं.

पुण्याचं झाल्यावर आठवडाभरानं मोठे बाबा ओट्यावरून म्हणाले, "दिपे, काऊन उन्हात उभी राहून काळी होऊन राह्यली? आपल्या तालुक्याचे वकीलसाहेब हायेत ना. बांधाच्या भांडणात त्यायनंच आपलं काम केलं. मी शब्द टाकतो. तुहा बायोडाटा दे मायाजवळ."

दिपालीनं उडी मारूनच बायोडाटा दिला. स्वच्छ, टाइप केलेला, वर नाव, खाली मार्क, कॉलेजात खोटं कोर्ट भरवतात त्यात मिळालेलं बक्षीस, येणाऱ्या भाषा. मोठे बाबांनी तो दुमडून खिशात घातला. दोन दिवसांनी येऊन सांगितलं, "रविवारी बोलावलं. ऑफिसात गर्दी राह्यते म्हणून घरीच या म्हणे. संग आईले घेऊन ये. आन हे पहाय, साडी नेसून जाय, मोठ्या माणसाचं घर हाये."

आम्हा मायलेकींना त्यात काही वावगं दिसलं नाही, हे आज वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही. पण वकिलाच्या घरी मुलाखत कशी असते हे आम्ही कुठं पाहिलं होतं? गावात एव्हाना दिपालीला सगळे वकिलीण म्हणायला लागले होतेच. "काय वकिलीणबाई, सुट्टी लागली का?" आमच्या बोलण्यात मास्तरीण म्हणजे मास्तराची बायको, पाटलीण म्हणजे पाटलाची. वकिलीण म्हणजे कोण, हे त्या हाकेतच होतं. मी ती हाक रोज ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही.

वकीलसाहेबांचं घर दुमजली, दारात तुळस, आत सोफा. सोफ्यावर मी काठावर बसले, दिपाली फायलीवर हात ठेवून ताठ बसली. कोपऱ्यात एक तरुण मुलगा फोनमध्ये पाहत होता. साहेब म्हणाले, हा माझा पुतण्या, हाही वकील, माझ्याच हाताखाली आहे. दिपालीनं त्याला "गुड मॉर्निंग सर" म्हटलं, तो गडबडून उभा राहिला आणि पुन्हा बसला. मग वकीलसाहेबांच्या बायको पोहे घेऊन आल्या. गोऱ्या, हसऱ्या, बोलायला गोड. त्यांना सगळे वकिलीणबाईच म्हणतात. त्यांनी दिपालीचा बायोडाटा हातात घेतला आणि चष्मा लावला.

"छान आहे हो. पण यात उंची लिहिली नाही."

दिपाली म्हणाली, "उंची लिहायची असते का मॅडम? कॉलेजमध्ये सांगितलं नाही. पाच फूट दोन इंच."

"जन्मतारीख आहे, जन्मवेळ नाही."

दिपालीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सकायी धारा काढाच्या टायमाले झाली." माझ्या आवाजाला मीच दचकले. बाईंनी ते पेननं कडेला लिहून घेतलं.

"आवड कशाची?"

"मला कौटुंबिक कायद्यात काम करायचं आहे, मॅडम."

"अगं बाई! ऐकलंत का हो? कुटुंबाची आवड आहे."

वकीलसाहेब हसले. "आणि मामाकुळ कोणतं?"

मामाकुळ. पोह्यांचा घास माझ्या तोंडातच राहिला. वकिलीच्या कामाला मामाकुळ कशाला लागतं? मी दिपालीकडे पाहिलं. ती पोर अजून मुलाखतच देत होती, आजोळचं नाव सांगत होती, म्हणत होती की सर, मी मराठी टायपिंग शिकली आहे, दावा कसा लिहितात ते मला बघायचं आहे. साहेब म्हणाले, "बघशील की. घरातच बघशील. आणि ते सर्टिफिकेट काय, मी आजच सही करून देतो. येण्या-जाण्याची दगदग कशाला?"

दिपाली म्हणाली, "पण सर, मी काम न करता सर्टिफिकेट कसं घेऊ?"

कोपऱ्यातला मुलगा फोनमधून डोकं वर न काढता कानापर्यंत लाल झाला. मला त्याची दया आली. त्यालाही कोणी विचारलं नसेल. आणि तेवढ्यात आतून ताट आलं. ताटात साडी होती, नारळ होता, साखरेची पुडी होती आणि चांदीच्या कोयरीत कुंकू. वकिलीणबाईंनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. दिपालीनं कपाळ पुढं केलं, कारण कुणाच्या घरून निघताना कुंकू लावतात हे तिला माहीत होतं आणि मोठ्यांपुढं वाकावं हे मीच तिला शिकवलं होतं.

मला दुसरबीडचा तो हौद दिसला.

माझा हात मध्ये गेला. मी गेला म्हणते, कारण मी तो नेल्याचं मला आठवत नाही. बाईंचं बोट माझ्या तळहातावर टेकलं, तळहाताला कुंकवाचा ठिपका लागला.

"बाई, थांबा," मी म्हटलं. "पोरगी अर्ज घेऊन आली हाये. अर्जाचं बोला."

वकीलसाहेब पुढं सरकले. "अहो ताई, तुमच्या मोठ्या दिरांशी सगळं बोलणं झालंय. मुलीचं शिक्षण काही आम्ही बंद करणार नाही."

"त्यायच्याशी झालं असन. मायाशी नाई झालं. तिच्याशी तं कोणीच नाई बोललं."

"आई, काय चाललं आहे?" दिपाली म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला समजलं. तिनं समोरच्या टेबलावरून आपला बायोडाटा उचलला, त्यावर पेननं लिहिलेली जन्मवेळ पाहिली आणि तो फायलीत परत घातला. ती काही बोलली असती तर रडली असती, म्हणून मीच बोलत राहिले.

वकिलीणबाईंचा चेहरा उतरला होता. बोट तसंच हवेत होतं. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, कुंकवाला नाही म्हणू नये हो."

त्या बाईचा काही दोष नव्हता. आणि कुंकवाला नाही म्हणू नये, हे मलाही आईनं तसंच सांगितलेलं. मी पदर सारखा केला आणि माझं कपाळ पुढं केलं. "मी कुठं नाई म्हणते? मले लावा. मी सवाशीन हाये. तुमच्या घरी आली, चहा-पोहे खाल्ले. पोरीले नका लावू."

त्यांनी मला कुंकू लावलं. बोट थोडं कापलं, म्हणून ते कपाळाच्या मध्यावर न लागता बाजूला लागलं. मी त्यांच्या पाया पडले, त्या वयानं मोठ्या होत्या. नारळ मात्र ताटातच ठेवला. दारात वकीलसाहेब म्हणाले, "मग आमच्याकडे इंटर्नशिपला जागा नाही, हे तुम्ही समजून घ्या." दिपालीनं मागं वळून "थँक यू सर" म्हटलं. तिची ती सवय अजून आहे, माणूस कसाही असो, ती थँक यू म्हणते.

एसटीत ती खिडकीशी बसली आणि गाव येईपर्यंत रडली. मीही रडले असते, पण मला मध्येच हसू यायला लागलं. मी म्हटलं, "कुटुंबाची आवड हाये म्हणे." ती रडता रडता हसली, मग दोघी इतक्या हसलो की पुढच्या सीटवरची बाई वळून पाहायला लागली.

घरी मोठे बाबांना फोन आधीच पोचला होता. कसा पोचला कोणास ठाऊक, ते स्लॅबवर कधी चढत नाहीत. ते ओट्यावर उभे होते. माझ्याकडे न पाहता माझ्या नवऱ्याला म्हणाले, "इचार तिले, माया शब्दाची काही किंमत हाये का या घरात? इतकं चांगलं स्थळ! पोट्टी वकिलीण झाली असती बसल्या जागी."

दिपालीचे बाबा वांग्याचं पोतं शिवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, ते काही बोलणार नाहीत, आणि मला त्याचा राग नव्हता. माझ्या डोक्यावर पदर होता. तो तसाच ठेवून मी मोठे बाबांकडे तोंड केलं.

"तिले वकिलीण नाई व्हायचं. वकील व्हायचं हाये."

"मंग दोन्ही एकच हाये ना!"

"एक कसं होईन? मोठ्या जाऊबाई पाटलीण होत्या. त्यायनं कधी पाटीलकी केली का?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. बहुतेक त्या दिवशी त्यांनी माझा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. मग चपला घालून ते पारावर निघून गेले. त्या संध्याकाळी मी मुगाचं वरण केलं, त्यांचं ताट नेहमीसारखं वाढलं. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले. भिंतीकडे पाहून मीठ मागणं मात्र बंद झालं. कमी असलं तर तसंच खायचे, आणि मला ते पाहून वाईटही वाटायचं. पण मी विचारायला गेले नाही. दिपालीच्या बाबांनी त्या आठवड्यात बाजारातून येताना पिशवीत मिरच्यांच्या खाली ठेवून एक नवी फाइल आणली, कडक पुठ्ठ्याची, निळी. दिपालीला दिली नाही, नुसती तिच्या पुस्तकांवर ठेवून दिली.

आता सुट्टी संपत आली होती. दिपाली पुन्हा टाकीला टेकून उभी राहिली, पुन्हा रिस्पेक्टेड सर. मी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "त्या फोनातून किती मागशीन? आपण मोताळ्याहून बुलढाण्याले जाऊ. कोर्टात. वकील बसते तिथंच जाऊन इचारू."

"आई, असं नसते करत. अर्ज पाठवावा लागते."

"अर्ज हातात घेऊन जाऊ."

मी, जी बाजारात भाव विचारतानाही दुसऱ्या बाईच्या मागं उभी राहते, मी हे बोलले. घाट चढताना मला उलटी झाली. कोर्टाच्या फाटकातून आत गेलो, इतके काळे कोट मी एका जागी कधी पाहिले नव्हते. लिंबाखाली टेबलं मांडलेली, टाइपरायटरचा खडखडाट, चहाचे ग्लास, आणि आम्हाला पाहून प्रत्येक जण खुर्ची ओढून देत होता. दोन खेड्यातल्या बायका म्हणजे पक्षकारच. "या ताई, कोणती केस?" "वाटणीचं का?" एकानं दिपालीकडे पाहून आवाज खाली केला, "फारकत घ्यायची का पोरीची?"

"केस नाई," मी म्हणायचे. "पोरगी शिकाले आली."

एवढं ऐकलं की ओढलेली खुर्ची परत जायची. कोणी म्हणालं पुढच्या वर्षी या. कोणी म्हणालं, मुलींना उशिरापर्यंत थांबता येत नाही. एका म्हाताऱ्या वकिलांनी मायेनं चहा पाजला आणि सांगितलं, पोरी, बँकेची परीक्षा दे. दुपार झाली. दिपाली म्हणाली, चल आई, बस निघून जाईन. मी म्हटलं, ती शेवटची खोली राह्यली.

त्या खोलीत एक मॅडम डबा खात होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, कोट खुर्चीवर टाकलेला. चिडक्याच वाटल्या. घास न थांबवता म्हणाल्या, "काय आहे?" दिपालीनं सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं निळी फाइल ओढली, बायोडाटा काढला. तो तोच होता, घडी पडलेला, कडेला जन्मवेळ लिहिलेला. दिपालीकडे दुसरा नव्हता. मॅडम वाचत होत्या, आणि मला राहवलं नाही.

"उंची नाई लिहिली त्यात," मी म्हटलं.

मॅडमनी मान वर केली. "उंची कशाला पाहिजे मला?"

"आधीच्या वकिलाले पाहिजे होती. मामाकुळही इचारलं."

दिपालीनं माझा पदर खाली ओढला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मग कडेची जन्मवेळ बघितली, मग दिपालीची साडी बघितली. डबा बाजूला सारून त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरचा टाइपरायटर थांबला. हसणं थांबल्यावर पुन्हा तशाच चिडक्या झाल्या.

"दाव्याची नक्कल वाचता येते का गं?"

"येते, मॅडम."

"हातानं लिहिलेली, जुनी?"

"नाई येत. मले शिकायची हाये."

मॅडमनी त्या मलेकडे लक्षसुद्धा दिलं नाही. "सोमवारी दहाला ये. चहा करायला लावणार नाही, पण फायलींचे गठ्ठे उचलायला लावीन. धूळ चालते का? सर्दी होते म्हणून घरी बसायचं नाही." आणि बायोडाटा परत देत म्हणाल्या, "हे ठेव. पुढच्या वेळी स्वच्छ कागद आण."

त्या सोमवारी सकाळी मी देवापुढची कुंकवाची डबी घेतली. ओट्यावर मोठे बाबा बसले होते, गायीला वैरण टाकून दिपालीचे बाबा दारात येऊन उभे राहिले होते. दिपाली निळी फाइल छातीशी धरून उंबऱ्यात थांबली. मी तिच्या हातावर दही दिलं आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. चांगलं मध्यावर, सरळ. ती वाकली. मग मोठे बाबांपुढं वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा म्हणाले, "काल वरणात मीठ कमी होतं." भिंतीकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहून म्हणाले.

आता हे सगळं जुनं झालं. दिपाली नंतर नागपूरच्या मोठ्या ऑफिसातही काम शिकली, पुण्याचं राहिलं ते राहिलंच. आता बुलढाण्यात तिची स्वतःची खोली आहे, त्याच लिंबाच्या बाजूला. गावात टॉवर झाला, आता स्वयंपाकघरातही रेंज येते. सुट्टीत ती घरी आली की तिचा फोन चुलीशेजारी वाजत राहतो, आणि ती अंघोळीला गेली असली की मला उचलावा लागतो. अनोळखी माणसाशी बोलायला मी अजूनही लाजते. आधी खाकरून घेते. तिकडून बहुतेक वेळा कोणीतरी विचारतं, "वकिलीणबाई हायेत का?"

मी सांगते, "वकिलीणबाई कोणी नाई इथं. वकील हायेत. देऊ का?"